छाटणीच्या दिवसांत इन्व्हर्टर पिंपिं करतोय? दुकान गाठण्याआधी मीटर लावा

ऑक्टोबर छाटणी आली की तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागांवरच्या वस्त्या भरतात. मजूर मुक्कामाला, दहा मोबाईल चार्जिंगला, पहाटे भाकरीबरोबर मिक्सरवर वाटण. ज्या वस्तीवर लाईन नाही, नुसता सोलर आहे, तिथला इन्व्हर्टर नेमका आत्ताच दगा देतो. मिक्सर फिरला की पिंपिं आणि अंधार.

गेल्या साली मी इन्व्हर्टर काढून दुरुस्तीला नेला, बोर्ड बदलून आणला, पैसे मोजले. जोडला तर पुन्हा तेच. शेवटी मिक्सर चालू असताना बॅटरीच्या लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) बोट टेकलं आणि चटका बसला. लाल वायरीचं कवच लगपाशी तपकिरी पडून मऊ झालं होतं. वायर तेवढी छाटली, नवा लग दाबून घेतला. इन्व्हर्टर बिचारा ठणठणीत होता.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ७५० वॅटचा मिक्सर ७० अँपिअरच्या आसपास ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. एवढ्या करंटला सांध्यात एक शतांश ओहमचा अडथळा असला तरी ०.७ व्होल्ट तिथंच खपतात आणि पन्नासेक वॅटची शेगडी पेटते. साधारण १०.५ व्होल्टला बरेच इन्व्हर्टर बंद पडतात. मग बॅटरीत जीव असूनही इन्व्हर्टरला ती रिकामी वाटते.

म्हणून दोघांनी मिळून तपासा. एकानं मिक्सर चालवायचा, दुसऱ्यानं मल्टिमीटर आधी थेट बॅटरीच्या खुंट्यांवर लावायचा (लगवर नव्हे), मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. खुंट्यांवर ११.८ आणि इन्व्हर्टरपाशी ११ दिसले तर दोष वायरीत नाहीतर लगमध्ये. खुंट्यांवरच १०.५ ला कोसळलं तर बॅटरी. दोन्हीकडं १२ च्या आसपास टिकूनही ट्रिप होत असेल, तर लोड जास्त आहे का बघा आणि मगच इन्व्हर्टर उचला.

बॅटरी बसण्याचं कारण बहुधा मागच्या दोन महिन्यांत असतं. श्रावण-भाद्रपदाच्या आभाळात ती पूर्ण भरतच नाही. अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. पहाटे लोड बंद ठेवून मोजा: १२.६ च्या वर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले असतील तर दोन्ही वेगळ्या मोजा, एक मागं पडलेली सापडते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. बोअरचं पाणी चुकूनही नको. ऊन पडलंय तर तीन-चार दिवस लोड कमी ठेवून तिला पोटभर चार्ज घेऊ द्या. (लिथियम असेल तर हे आकडे सोडून द्या.)

पॅनेलकडंही एक चक्कर मारा. पावसात वाढलेला मका किंवा एरंड खालच्या कोपऱ्यावर सावली टाकत असेल, तर तेवढ्यानं अख्ख्या पॅनेलचं उत्पादन पडतं.

बॅटरी सोडवताना आधी पॅनेलची वायर काढा, मग बॅटरीची. जोडताना बॅटरी आधी. उलटं केलं तर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंगचा डबा) जळू शकतो. हातातली अंगठी काढा, पान्याला टेप गुंडाळा, आणि बॅटरीजवळ विडी नको, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो.

तोवर वाटण सकाळी दहानंतर करा, ऊन तापल्यावर. आमच्या वस्तीवर यावरून दोन दिवस कुरकुर झाली, मग पाटा-वरवंटा बाहेर आला.