आरोग्य केंद्राची सौर वीज रात्रभर कशी पुरवावी

पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या बाजूला गेलं की जुलैत आठवडा-आठवडा ऊन पडत नाही. तिकडच्या एका आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागलेला मी ऐकलाय. तासाभराचं बाळ वॉर्मरखाली होतं. सिस्टरनी त्याला उचलून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गोधडी घातली, आणि बाळ उबेत राहिलं. सकाळी कारण शोधलं तर पॅनल ठीक, बॅटऱ्याही ठीक. आदल्या दिवशी ओपीडीच्या गर्दीत राहून गेलेला ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, संध्याकाळी सहाला बॅटरीवर लावला होता.

म्हणून आणखी पॅनल मागण्याआधी कोणतं यंत्र कधी चालतं ते बघा.

सुरुवात वहीपासून करा. प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहा, त्यापुढे ते किती तास आणि कोणत्या वेळी चालतं ते लिहा. वॅटला तासांनी गुणून 1000 ने भागलं की युनिट मिळतात.

आता रात्रीचा हिशेब. समजा 3 किलोवॅटचं पॅनल आहे. आपल्याकडे स्वच्छ उन्हात ते दिवसाला साधारण 12 युनिट देतं, भर पावसात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतं. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्यांत 7.2 युनिट मावतात. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते, म्हणजे हातात 3.6 युनिटच धरायचे. 600 वॅटचा वॉर्मर चार तास चालला की 2.4 गेले. 20 वॅटच्या दोन ट्यूब बारा तास, 0.48. जुने 75 वॅटचे दोन पंखे दहा तास, 1.5. बेरीज 4.38. म्हणजे पहाटेआधीच बॅटऱ्या निम्म्याखाली.

तेच पंखे 30 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असतील तर 0.6 युनिटमध्ये भागतं आणि बेरीज 3.48 वर येते. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून रात्री बाहेरच्या व्हरांड्यातला पंखा बंदच ठेवा. थोडा पैसा हाताशी असेल तर माझ्या मते तो आधी पंख्यांवर घाला.

यानंतर जड कामं उन्हात न्या. 2000 वॅटचा ऑटोक्लेव्ह पाऊण तासात 1.5 युनिट घेतो. त्याची वेळ सकाळी अकरा ते दोन, आणि ती कोणाची जबाबदारी हेही ठरवा. पाण्याचा पंप दुपारीच चालवून टाकी भरून घ्या. मात्र ऑटोक्लेव्ह आणि पंप एकदम लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

लसींच्या आयएलआरची धास्ती अनेकांना असते. या फ्रिजच्या भिंतीत बर्फाचा थर असतो, त्यामुळे चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी तो लसी 2 ते 8 अंशांत राखतो. ते आठ तास दिवसाचे असू द्या. झाकण पुन्हा पुन्हा उघडू नका, तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत टिपा, आणि ते हलताना दिसलं तर हिशेब बाजूला ठेवून आयएलआरला वीज द्या.

नातेवाइकांनी मोबाईल चार्जिंगला लावला म्हणून कटकट करू नका. पावसाळी रात्री 108 ला फोन लावायला तोच उपयोगी पडतो. चहाची 1500 वॅटची किटली मात्र केंद्रात नकोच. दहा मिनिटांत ती जेवढी वीज घेते तेवढ्यात बारा मोबाईल चार्ज होतात.

पॅनल उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पहाटे साध्या पाण्याने धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरलेली दिसली की कनेक्शन सोडवून, पुसून व्हॅसलिन लावा. पाणी खाली गेलं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्याने वाया गेलेल्या बॅटऱ्या मी खूप बघितल्यात.

शेवटचं काम पावसाआधी, मे महिन्यातच उरका. इन्व्हर्टरवर चारांपैकी दोन दांड्या उरल्या की काय काय बंद करायचं, त्याचा क्रम कागदावर लिहून स्विचबोर्डशेजारी चिकटवा: आधी ऑफिस आणि व्हरांडा, मग वॉर्डातले पंखे. प्रसूतिगृहाच्या बटणांवर लाल टेप लावा, त्यांना हात लावायचा नाही. आणि हा कागद रात्रपाळीच्या सिस्टरकडूनच लिहून घ्या. अंधारात कोणतं बटण कुठे आहे ते त्यांनाच माहीत असतं.