फळ्यावर क्रेब शिकवायचा कसा

बीएस्सीच्या वर्गात दीर्घकालीन स्मृती, आणि तिच्यासाठी लागणारी जनुकं चालू-बंद करणारी क्रेब ही प्रथिनं, शिकवताना मी मेंदूचं चित्र काढतच नाही. सरळ अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या दोन चेतापेशी काढते, एक संवेदी आणि एक प्रेरक. हिच्याकडे चेतापेशी जेमतेम 20,000 आणि त्याही चांगल्या मोठ्या. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी स्मृतीच्या अभ्यासासाठी ती निवडली ती म्हणूनच.

संवेदी पेशीवर सेरोटोनिनचा, म्हणजे चेतापेशींमधल्या एका निरोप्या रसायनाचा, एक बाण काढा. आत सी-एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पीकेए हे एन्झाइम सक्रिय होतं, आधीपासून असलेल्याच प्रथिनांवर फॉस्फेट चढतं आणि दोन पेशींमधली जोडणी काही मिनिटं बळकट राहते. केंद्रक इथे कोरंच ठेवा. मुलं घाईने डीएनए काढतात, पुसायला लावा.

आता दुसऱ्या रंगाच्या खडूने, थोड्या थोड्या अंतराने दिलेले पाच बाण. या वेळी पीकेए केंद्रकात शिरतं, सोबत मॅप-कायनेझ हे दुसरं एन्झाइम. पीकेए क्रेब-1 ला चालू करतं, मॅप-कायनेझ जनुकं रोखून धरणाऱ्या क्रेब-2 चा अडसर काढतं. नोट्समधून नेमका हा अडसर गळतो. गाळू नका! प्रत्येक फुटकळ गोष्ट कायमची का कोरली जात नाही, याचं एक उत्तर तिथे आहे. पुढे जनुकं वाचली जातात, प्रथिनं तयार होतात, नव्या जोडण्या फुटतात. परिणाम दिवसाहून जास्त टिकतो.

मग विचारा: प्रथिननिर्मिती औषधाने थांबवली तर? मिनिटांचा परिणाम राहतो, दिवसांचा होत नाही.

कँडेल यांच्या 2000 च्या नोबेलचा उल्लेख शेवटी, एका ओळीत. आधी सांगितला की मुलं तेवढंच उतरवून घेतात.