सर्व्हरची रोजची कटकट स्क्रिप्टच्या गळ्यात कशी टाकायची

नागपुरात आयटी म्हटलं की लोकांना मिहान नाहीतर परसोडीचा आयटी पार्क आठवतो, पण सर्व्हर काय तिथेच असतात का? धंतोलीतलं हॉस्पिटल घ्या, इतवारीतला होलसेलवाला घ्या, नाहीतर एखादा कोचिंग क्लास, कोपऱ्यात कुठेतरी एक लिनक्सची मशीन सुरू असतेच अन् तिला सांभाळायला एकच पोरगा असतो, तोच प्रिंटर पाहतो, तोच वायफाय पाहतो आणि साहेबांचा मोबाईल हँग झाला तरी त्यालाच हाक मारतात. हे त्याच्यासाठी लिहून राहिलो. रोज येऊन डिस्क किती भरली पाहायचं, रात्रीचा बॅकअप झाला का पाहायचं, जुन्या लॉग फायली उडवायच्या, ही कामं मशीनला स्वतः करू द्यायची तर शेल स्क्रिप्टिंग शिका, म्हणजे टर्मिनलवर टाइप करायच्या कमांड एका फाइलमध्ये लिहून एका दमात चालवणं, त्यासाठी प्रोग्रामर असायची काही गरज नाही. फक्त स्क्रिप्ट चालली का यापेक्षा ती फसली तर मला कळेल का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

कमांडची नावं इथे बोलतो तशी लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची.

आधी खेळायला जागा करा

ऑफिसच्या चालू सर्व्हरवर शिकायचं नाही, बस. विंडोजचा लॅपटॉप असेल तर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, "डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल" मारा, रीस्टार्ट करा, उबुंटू येऊन जाते. मॅकवाल्यांकडे टर्मिनल आहेच, पण तिथे २०१९ पासून झेडशेल सुरुवातीला मिळतं अन् सोबतचा बॅश (दोन्ही शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारे प्रोग्राम, आपण बॅश वापरू) फार जुना आहे, म्हणून त्यांनीही व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू टाकलेला बरा. बॅश १९८९ चा आहे, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा, आणि आजही जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर सापडतो.

कमांड पाठ करत बसू नका

एलएस, सीडी, लेस, ग्रेप, फाइंड, टेल, डीएफ, डीयू, एवढ्यावर महिनाभर आरामात निघतो, बाकी अडलं की "मॅन" लावून त्या कमांडचं नाव टाका. जीव लावून शिकायची गोष्ट म्हणजे पाइप, ती उभी रेघ, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी. समजा वेबसाइट स्लो झाली अन् कोण जास्त हिट मारून राहिला ते पाहायचं आहे, तर ॲक्सेस लॉगमधून ऑकने पहिला कॉलम काढा (तिथे सहसा आयपी असतो), तो सॉर्टला द्या, मग "युनिक -सी" ला, मग "सॉर्ट -एनआर" ला आणि शेवटी हेड. दहा आयपी समोर, कोणी किती वेळा आलं त्यासकट. युनिकच्या आधीचा सॉर्ट गाळला तर उत्तर चुकतं, कारण युनिक फक्त लागून असलेल्या सारख्या ओळीच एकत्र करतं, आणि बिचारं एररही देत नाही.

पहिली स्क्रिप्ट हिस्ट्रीतून काढा

यूट्यूबवर पन्नास भागांची सिरीज सुरू करण्यापेक्षा आठवडाभर आपलं नेहमीचं काम करा आणि मग "हिस्ट्री" कमांड मारून पाहा, जे वारंवार टाइप केलं तीच तुमची पहिली स्क्रिप्ट. बहुतेकांची ती डिस्क पाहायची निघते, तर तीच करू.

नॅनोमध्ये फाइल उघडा. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पत्ता, म्हणजे /बिन/बॅश. दुसरीत एक व्हेरिएबल (किंमत ठेवायचा डबा समजा), नाव "भरली" असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत, त्यात "डीएफ --आउटपुट=पीसेंट /" चं आउटपुट, टेलने शेवटची ओळ घेऊन आणि "टीआर -डीसी" ने आकडे सोडून बाकी सगळं झटकून. मग इफ, आकडा ८५ पेक्षा मोठा असेल तर मेसेज छापा, आणि फाय लिहून इफ बंद. सेव्ह करा, "सीएचमॉड +एक्स" द्या (फाइलला चालायची परवानगी), डॉट स्लॅश लावून चालवा.

इथे नव्या माणसाची गाडी ठरलेल्या जागी अडते. व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की बॅश म्हणतो कमांड सापडली नाही, कारण नावालाच तो कमांड समजतो. याच्या उलट इफच्या चौकटी कंसाच्या आत जागा सोडलीच पाहिजे, कारण तो कंस स्वतःच एक कमांड आहे. आणि फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणली असेल तर ओळींच्या शेवटी न दिसणारं जास्तीचं कॅरेक्टर येऊ शकतं, मग "बॅड इंटरप्रीटर" असं काहीतरी अगम्य दिसतं, तेव्हा "डॉस२युनिक्स" फिरवा.

पुसणारी स्क्रिप्ट लिहिण्याआधी हे वाचाच

पहिल्या ओळीखाली "सेट -ई", "-यू" आणि "-ओ पाइपफेल" हे तिन्ही लावायची सवय करा. ई म्हणजे कमांड फसली की तिथेच थांब (इफच्या अटीत वगैरे फसली तर नाही थांबत, ते लक्षात असू द्या), यू म्हणजे कधी बनवलंच नाही असं व्हेरिएबल दिसलं की थांब, पाइपफेलचं पुढे बॅकअपमध्ये येतं. पण व्हेरिएबल आहे आणि रिकामं आहे, तर यू काही करत नाही हो. २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ॲपच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये हेच झालं, फोल्डरचा पत्ता ठेवायचं व्हेरिएबल रिकामं निघालं, पुढे "आरएम -आरएफ" होतं, रिकाम्या पत्त्यापुढे स्लॅश अन् तारा उरला आणि लोकांच्या फायली साफ. म्हणून पुसायच्या ओळीत महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह लावा, रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच मरते. व्हेरिएबलला डबल कोट हवेतच, नाहीतर नावात स्पेस असलेली फाइल दोन तुकड्यांत तुटते. आणि पहिल्यांदा चालवताना आरएमच्या आधी इको लिहा, काय उडणार ते नुसतं छापून येईल.

स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक नावाचं फुकट टूल आहे, प्रत्येक स्क्रिप्ट त्यातून काढा. आजकाल चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेतात, घ्या ना बाप्पा, कोण नाही म्हणते, पण जी ओळ समजली नाही ती रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) चालवू नका.

बॅकअप, आणि तो झाल्याचा भास

डेटाबेसचा बॅकअप लोक असा घेतात, मायएसक्यूएलडंपचं (डेटाबेसची कॉपी काढणारी कमांड) आउटपुट पाइपने जीझिपला (दाबून छोटी फाइल करणारी) आणि फाइलच्या नावात तारीख. आता समजा कोणी पासवर्ड बदलला. डंप फसला, पण जीझिपला त्याचं काय, त्याने रिकामं आउटपुट इमानदारीने दाबून २० बाइटची फाइल बनवली, आणि पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो म्हणून स्क्रिप्टचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल दिसते, आत काहीच नाही. पाइपफेल लावलं की हे पकडल्या जातं, तरीही फाइलची साइज तपासणारी एक ओळ टाकाच.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटवर चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर उडवला गेला, बॅकअप काढायला गेले तर रोजचा डंप होतच नव्हता, कारण डंपचं टूल जुन्या व्हर्जनचं होतं आणि डेटाबेस नवीन, अन् फेल झाल्याच्या मेल रिजेक्ट होत होत्या. साधारण सहा तास आधीची एक कॉपी योगायोगाने होती, त्यावर निभावलं. म्हणून मी म्हणतो नुसता फेलचा अलर्ट ठेवू नका, मशीनच बंद पडली तर अलर्ट कोण पाठवेल? यशाचाही रोज एक छोटा मेसेज यावा, टेलिग्राम बॉटला कर्लने पाठवता येतो, तो सकाळी दिसला नाही की उठा. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडूनही पाहा.

क्रॉन

ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉन. "क्रॉनटॅब -ई" मारा. पाच खाने, मिनिट, तास, तारीख, महिना, वार, मग कमांड. रात्री अडीचला हवं तर ३०, २ आणि तीन तारे. पण आधी "डेट" मारून घड्याळ पाहा, क्लाउडवरचे बरेच सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतात आणि तिथले अडीच म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ, ऐन ओपीडीची गर्दी सुरू होताना बॅकअप डेटाबेसच्या बोकांडी. "टाइमडेटसीटीएल" ने टाइमझोन एशिया/कोलकाता करता येतो, मग क्रॉन रीस्टार्ट करून घ्या.

हाताने चालते पण क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार सगळ्यांची. बहुतेक वेळा कारण पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) असतं, क्रॉनला तुमचा लॉगिनचा पाथ मिळत नाही, म्हणून कमांडचे पूर्ण पत्ते द्या. दुसरं म्हणजे क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, तारखेसाठी ते वापरलं असेल तर आधी बॅकस्लॅश लावा किंवा सरळ स्क्रिप्टच्या आत ठेवा. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा, कारण मशीनवर मेलची सोय नसेल तर क्रॉन ते फेकून देतो. आधीचं काम संपायच्या आत दुसरं सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक ही कमांड लावा.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तर कळायला नको? एलएम-सेन्सर्स टाका, "सेन्सर्स" कमांडचा आकडा दर दहा मिनिटांनी क्रॉनने पाहा, डिस्कवालीच स्क्रिप्ट थोडी बदलून होते.

मशीन वाढल्या की

एसएसएच की (पासवर्डऐवजी दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची किल्ली) बनवा, "ईडी२५५१९" प्रकारची, आणि फॉर लूपमध्ये सगळ्या सर्व्हरवर तीच कमांड फिरवा. चार-पाच मशीनपर्यंत हे पुरतं, पुढे अन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सांभाळायचं टूल) शिका. विंडोज सर्व्हर असतील तर पॉवरशेल, तिथे बॅश ओढत नेण्यात अर्थ नाही. स्क्रिप्ट लांबत चालली, आत लिस्ट आणि जेसन (डेटा लिहायचा एक प्रकार) यायला लागलं तर पायथनकडे वळा. सगळ्या स्क्रिप्ट गिटमध्ये (फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) ठेवा, पण पासवर्ड त्यात लिहून नाही, तो वेगळ्या फाइलमध्ये आणि तिला सीएचमॉड ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल.