करटोलीला फुलं येतात, फळ धरत नाही: माझा अनुभव

अंगणातल्या करटोलीच्या वेलाला दोन पावसाळे पिवळी फुलं भरभरून आली आणि सगळी गळाली. शेणखत, राख, छाटणी, काही उपयोग झाला नाही. फार हळहळ वाटली.

कारण एवढंच की करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि माझा नर होता. पाकळ्यांच्या खाली बघा: मादी फुलाखाली मऊ काट्यांचं इवलंसं करटोलं आधीपासूनच असतं, नर फुलाखाली नुसता देठ. फुलल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून बी लावणं म्हणजे जुगारच.

श्रावणात मालकाला विचारून शेजारच्या बांधावरच्या फळं लागलेल्या वेलाला चिंधी बांधली. हिवाळ्यात वेल सुकल्यावर कंद खणला, कोरड्या मातीत ठेवला आणि मेअखेर नर वेलापासून दोन हातांवर तीन इंच खोल लावला, डोळा वर करून. पाणी साचू दिलं नाही, नाहीतर कंद कुजतो. फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हा ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवले. काही दिवसांत फळ फुगलं, साधारण पंधरवड्यात भाजीला आलं.

नर वेल मात्र उपटू नका. आठ-दहा माद्यांना एक पुरतो. कंद जमिनीतच राहू द्या, पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.