पंप देताय, पण औषध छातीत पोहोचतंय का? मुलांना इनहेलर देताना या चुका टाळा

‘दम्याचा पंप चालू आहे, तरी रात्रीचा खोकला थांबत नाही,’ अशी तक्रार घेऊन आलेल्या आईवडिलांना मी आधी एकच सांगते: घरी देता तसाच पंप आत्ता माझ्यासमोर देऊन दाखवा. फाईल नंतर बघू. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. औषध बरोबर असतं, डोसही बरोबर असतो. पण ते जिभेवर, गालावर, पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याच्या म्हणजे स्पेसरच्या भिंतीवर नाहीतर खोलीच्या हवेत राहिलेलं असतं. म्हणून औषध वाढवण्याआधी, आणि डॉक्टर बदलण्याआधी तर नक्कीच, देण्याची पद्धत तपासून घ्या.

स्पेसर नको, नुसता पंप पुरे

पंप दाबला की फवारा फार वेगाने सुटतो. तो थेट तोंडात मारला तर बराचसा घशाच्या मागच्या बाजूला आदळतो आणि गिळला जातो. दाबायचं आणि त्याच क्षणी सावकाश खोल श्वास घ्यायचा, हा मेळ मोठ्यांनाही धड जमत नाही. असा दाबाचा पहिला पंप अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने १९५६ साली बाजारात आणला. कंपनीचे डॉ. जॉर्ज मेसन यांच्या दमा असलेल्या मुलीच्या प्रश्नावरून ती कल्पना निघाली, असं सांगतात. ती मुलगी तेरा वर्षांची होती. तीन वर्षांच्या लेकराकडून तेच कसब मागण्यात अर्थ नाही.

मूल कोणत्याही वयाचं असो, पंपाला स्पेसर लावायचाच. साधारण चार वर्षांपर्यंत स्पेसरला मास्क लागतो. त्यानंतर मूल ओठ घट्ट मिटून नळी तोंडात धरू लागलं की मास्क काढून टाका. सात-आठ वर्षांच्या मुलाला सवयीने मास्कच लावत राहिलात, तर नाकाने घेतलेलं बरंचसं औषध नाकातच अडकतं.

प्रवासात किंवा गावी स्पेसर हाताशी नसेल तर? केपटाऊनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप त्यात बसवून सांधा नीट बंद करायचा आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात द्यायचं. दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. रोजच्यासाठी मात्र व्हॉल्व्हवाला, म्हणजे झडप असलेला, स्पेसर घ्या.

मास्क टेकवला, दोनदा दाबलं, झालं

सर्वांत जास्त औषध वाया जातं ते इथे. दोन वर्षांचं मूल मांडीवर आहे. आईने एका हाताने त्याचं डोकं धरलंय, दुसऱ्या हातात मास्क. मूल मान फिरवतं, हनुवटीपाशी मास्क उचलला जातो, बोटभर फट पडते. त्याच गडबडीत आई पंप दोनदा लागोपाठ दाबते आणि मास्क काढून घेते. वहीत ‘दोन पफ’ अशी नोंद होते. छातीत गेलेलं असतं जवळजवळ काहीच नाही, कारण फट असली की मूल बाजूची हवा ओढतं आणि औषध स्पेसरमध्येच बसून राहतं.

नीट द्यायचं तर मुलाची पाठ आपल्या छातीला टेकवून त्याला मांडीवर बसवा. पंप चांगला हलवा आणि स्पेसरला जोडा. आधी मास्क बसवा: नाकाच्या वरपासून हनुवटीपर्यंत, नाक आणि तोंड दोन्ही आत, कडेने हवा जाणार नाही असा. मगच एकदा दाबा. एकदाच. आता नजर व्हॉल्व्हवर ठेवा. प्रत्येक श्वासाला तो हलताना दिसतो, तसे पाच-सहा श्वास मोजून मास्क काढा. व्हॉल्व्ह हललाच नाही तर कुठेतरी फट आहे. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळं तसंच पुन्हा करा. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले तर औषधाचे कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. दुप्पट औषध मिळत नाही, उलट कमी मिळतं.

मोठ्या मुलाने नळी दातांमध्ये धरून ओठ मिटायचे, पफ सुटला की हळूहळू खोल श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत मोजत रोखायचा. तेवढं रोखता येत नसेल तर नळी तोंडातच ठेवून पाच-सहा साधे श्वास चालतात. काही स्पेसर शिट्टीसारखा आवाज करतात. मुलांना त्याची गंमत वाटते, पण तो आवाज म्हणजे श्वास फार जोरात ओढला जातोय.

‘रडताना तोंड उघडं असतं, औषध चांगलं आत जातं,’ हे आज्या फार खात्रीने सांगतात. आजीची माया खरी, पण ही समजूत चुकीची आहे. रडणं म्हणजे लांबलचक बाहेर सोडलेला श्वास आणि मध्येच घाईचा एक हुंदका. औषध घशापलीकडे फारसं जातच नाही. म्हणून मूल बरं असताना मास्कशी त्याची ओळख करून द्या. नुसता मास्क खेळायला द्या, बाहुलीला पंप देऊ द्या, आधी बाबांनी स्वतःच्या तोंडावर धरून दाखवावा, श्वास मोठ्याने मोजावेत. चार-सहा दिवस यात गेले तरी ते वाया नाहीत. झोपेत देण्याचा मार्ग पुष्कळजण काढतात, पण मूल बहुधा मध्येच दचकून उठतं आणि मग मास्क दिसला तरी पळतं. झटका आलेला असेल तेव्हा मात्र रडतंय म्हणून थांबू नका, द्या.

डबी हलवली, आवाज आला, म्हणजे औषध आहे

पंपात औषध संपल्यावरही फवारा उडवणारा गॅस शिल्लक असतो. त्यामुळे आवाज येतो, धूर दिसतो आणि मुलाला मिळतो नुसता गॅस. डबी पाण्यात टाकून ती तरंगते का पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. पंपावर काउंटर असेल तर तो वाचा, नसेल तर हिशेब ठेवा. १२० पफांची डबी, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, म्हणजे बरोबर तीस दिवस. सुरू केल्याची तारीख डबीवर मार्करने लिहून टाका. नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप, आधी दोन-चार वेळा हवेत उडवावा लागतो. नेमका किती वेळा ते आतल्या कागदावर दिलेलं असतं.

रोटाहेलरची गोष्ट वेगळी. त्यात कॅप्सूलमधली कोरडी पावडर असते आणि ती ओढायला जोराचा, झटक्यात घेतलेला श्वास लागतो, म्हणजे पंपाच्या अगदी उलट. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ते जमत नाही, आणि धाप लागलेल्या मोठ्या मुलालाही कठीण जातं. त्यात फुंकर मारायची नाही. ओढून झाल्यावर पावडर उरलेली दिसली तर पुन्हा एकदा ओढायला सांगा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी मुलंही मी पाहिली आहेत, कारण दुकानदाराने दिली तशी ती गोळीच वाटली. आणि पावसाळ्यात या कॅप्सूल बाटलीतून काढून वेगळ्या डबीत ठेवू नका, ओल्या हाताने तर धरूच नका. कोकणातल्या दमट हवेत पावडरीचा गोळा व्हायला वेळ लागत नाही.

बरं वाटलं, बंद केलं

दम्याची औषधं दोन प्रकारची. एक झटक्यात श्वासनळी मोकळी करणारं, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. दुसरं आतली सूज उतरवणारं, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, जे रोज घ्यायचं असतं. पहिल्याने पाच-दहा मिनिटांत फरक दिसतो म्हणून त्यावर विश्वास बसतो. दुसऱ्याने लगेच काहीच दिसत नाही, म्हणून खोकला थांबला की तेच आधी बंद होतं. मग थंडी पडते, दिवाळीचा धूर होतो आणि मूल पुन्हा दवाखान्यात. डब्यांच्या रंगावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे ते बदलतात. ‘रोजचा’ आणि ‘धाप लागल्यावरचा’ अशा मराठी चिठ्ठ्या दोन्हींवर चिकटवा. काही मोठ्या मुलांना दोन्हीसाठी एकच पंप देतात. तसं असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. धाप लागल्यावरचा पंप आठवड्यात दोन-तीनदा लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असं समजून भेट लवकर घ्या.

बंद करण्यामागे भीती असते ती स्टेरॉइडची आणि ‘सवय लागेल’ याची. सवय लागत नाही. उंचीबद्दलची काळजी अगदीच निराधार नाही, म्हणून आकडाच सांगते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतलेली मुलं मोठी झाल्यावर सरासरी १.२ सेंटिमीटर बुटकी भरली. तो निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. आता दुसरी बाजू बघा. पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम जातात. तेच पंधरा किलोच्या मुलाला झटका आला की तोंडावाटे दिवसाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचाहत्तरपट स्टेरॉइड द्यावं लागू शकतं. पंप टाळून स्टेरॉइड टळत नाही. बंद करायचं की कमी करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

या रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, लहानग्याला पाणी पाजायचं, मास्कखालचा चेहरा पुसायचा. नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो. स्पेसर मात्र पुसायचा नाही. कापडाने घासलं की प्लास्टिकवर वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, पाणी निथळू द्या, आपोआप वाळू द्या.

धाप लागली की आधी नेब्युलायझर शोधणं

नेब्युलायझरच्या यंत्राने औषधाची वाफ दिली तरच गुण येतो, असं अजूनही डोक्यात घट्ट बसलं आहे. मुलांच्या बहुतेक झटक्यांत स्पेसरमधून नीट दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांनी लेखी योजना दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर मुलाला बसतं ठेवून धाप लागल्यावरच्या पंपाचे चार ते सहा पफ, एका वेळी एक, स्पेसरमधून द्या. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. तासाभरात आराम पडला नाही, किंवा तीन-चार तासांत धाप परतली, तर रुग्णालयात न्या.

पोट उडतंय, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय, वाक्य पुरं बोलवत नाही, पाणी पिता येत नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा मूल मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत व वाटेतही पफ देत राहा.