त्रिनिदादचा टफ्टेड कॉकेट कसा ओळखावा

हमिंगबर्डचे कुळ केवळ अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळते. त्यामुळे आपल्याकडे जास्वंदीच्या फुलाला लटकणारा चिमुकला चमकदार पक्षी शिंजीर असतो, हमिंगबर्ड नव्हे. याच कुळातला टफ्टेड कॉकेट (शास्त्रीय नाव लोफॉर्निस ऑर्नाटस) पाहायचा असेल तर त्रिनिदाद, पूर्व व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम किंवा उत्तर ब्राझील गाठावे लागते. त्याची लांबी सुमारे ६.६ सेंटिमीटर आणि वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास असते. आपले रुपयाचे नाणेही त्याच्याहून जड भरते.

साखरपाण्याच्या भांड्यापाशी त्याची वाट पाहू नये, कारण तो तेथे क्वचितच फिरकतो. निळ्या-जांभळ्या फुलांचे लांब तुरे असलेल्या व्हर्वेनच्या झुडपाजवळ, त्रिनिदादमध्ये अरिमाच्या खोऱ्यातील आसा राइट निसर्ग केंद्रासारख्या ठिकाणी, शांतपणे उभे राहावे. मोठे हमिंगबर्ड आपापली फुले राखत दुसऱ्यांना हुसकावून लावतात, तर हा एखाद्या भुंग्यासारखा संथ तरंगत त्यांच्या हद्दीत शिरतो आणि बहुधा नजरेतून निसटतो.

म्हणून आधी कंबर पाहावी. शेपटीच्या वरच्या बाजूस आडवा फिकट पांढरा पट्टा दिसला की निम्मे काम झाले, कारण हा पट्टा नर-मादी दोघांनाही असतो. माझ्या मते नवख्याने रंगांपेक्षा याच खुणेवर अधिक विसंबावे. गळ्याचा झळाळता हिरवा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटत असल्याने, पक्ष्याने मान किंचित वळवली तरी तो काळा दिसू लागतो. नराचा तांबूस-नारिंगी तुरा मात्र रंगद्रव्याचा असल्याने सावलीतही तसाच राहतो. गालांवरून मागे झुकलेली लांब नारिंगी पिसे आणि प्रत्येकाच्या टोकाला हिरवा ठिपका, तसेच काळ्या टोकाची तांबडी चोच, एवढे दिसल्यावर शंका उरत नाही.

मादीला तुरा नसतो, गालांवरची पिसेही नसतात. तिची पाठ हिरवी आणि गळा तांबूस असतो. त्याच बागेत येणाऱ्या रुबी-टोपाझ या दुसऱ्या हमिंगबर्डच्या नराचे डोके माणकासारखे लाल, गळा सोनेरी आणि शेपटी तांबूस असते. अंधूक उजेडात तो नुसता काळपट दिसला, तरी त्याच्या कंबरेवर पांढरा पट्टा नसतो, एवढे पाहून घ्यावे.