दोहात दोन रात्री: मधला मुक्काम ऐसपैस कसा आखावा

मुलीकडे जाताना माझं विमान दर वेळी कतारमधल्या दोहाला बदलतं. पहिली काही वर्षं मी तिथे फक्त विमानतळच पाहिला: ते भलंमोठं पिवळं अस्वल, त्याच्या डोक्यावरचा दिवा आणि पुढच्या विमानाची वाट बघत पेंगणारी माणसं. मग एका डिसेंबरात धाकटी बहीण बरोबर होती. ती म्हणाली, "ताई, इतक्यांदा इथून गेलीस आणि दाराबाहेर एकदाही डोकावली नाहीस?" त्यानंतर आम्ही दोघी तीनदा दोहात उतरलो. त्या तीन मुक्कामांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. हे सगळं चैनीच्या मुक्कामाबद्दल आहे. स्वस्तात दोहा बघता येतं आणि छान बघता येतं. पण साठीच्या वयात, दोन लांबलचक विमानप्रवासांच्या मधे, मला पाठ टेकायची असते आणि एखादी गोष्ट डोळे भरून बघायची असते. पैसे खर्च करायचे ते या दोन गोष्टींवर.

दोन रात्री घ्या. एका रात्रीत दमणूकच जास्त होते, आणि तीन रात्रींत पुढच्या घराची ओढ लागते. तिकीट काढताना निघायचं ठिकाण, मधे दोहा आणि पुढचं ठिकाण असं एकाच तिकिटात बसवा. आरक्षणाच्या पानावर त्यासाठी मल्टी-सिटीचा पर्याय असतो. आंतरराष्ट्रीय तिकिटात चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर तो ट्रान्झिट, त्याहून जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर, आणि त्यावर भाडं बदलू शकतं. म्हणून दोन-तीन तारखा लावून बघा. दोन वेगवेगळी तिकिटं कधी कधी स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान लेट झालं तर दुसरं चुकल्याची भरपाई कोणी देत नाही.

कतार एअरवेजची डिस्कव्हर कतार नावाची कंपनी आहे, ती तिकिटाला जोडून चार रात्रींपर्यंतचं हॉटेल देते, आणि पंचतारांकित हॉटेलंही त्यात असतात. प्रवेशाचे नियम पासपोर्टाप्रमाणे वेगळे आहेत आणि बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी कतारच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पासपोर्टचा नियम वाचा. आम्हाला सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, पुढचं तिकीट आणि याच कंपनीमार्फत केलेलं हॉटेलचं आरक्षण दाखवावं लागलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वेळी आम्ही पहाटे साडेचारला उतरलो. हॉटेल उत्तम निवडलं होतं, आरक्षण त्याच तारखेचं होतं, आणि खोली मिळणार होती दुपारी तीनला. लॉबीतला सोफा मऊ होता, कॉफी चांगली होती, पण बहिणीचे पाय सुजलेले होते आणि ती बसल्या बसल्या कुशी बदलत होती. तो सगळा दिवस तिथेच संपला. आखातातली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उतरतात, म्हणून हा प्रसंग कोणावरही येईल. उपाय एकच: पहाटे पोचणार असाल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि हॉटेलला लेखी कळवा की आम्ही पहाटे येतो आहोत, खोली दुसऱ्या कोणाला देऊ नका. एका रात्रीचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, पण माझ्या हिशेबात अख्ख्या मुक्कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तोच. पहाटे पाचला पडदे ओढून झोपलं आणि अकराला उठून न्याहारी केली की पुढचा दिवस खरोखर आपला असतो. जाताना विमान रात्री दोनचं असेल तर उलट बाजूनेही हेच करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत खोली ठेवा.

हॉटेल कुठे घ्यावं हे तुम्हाला खिडकीतून काय हवं आहे त्यावर ठरवा. वेस्ट बे भागात काचेचे उंच मनोरे आणि समुद्र. तिथलं पिरॅमिडच्या आकाराचं शेरेटन १९८२ सालचं, त्या किनाऱ्यावरच्या पहिल्या मोठ्या इमारतींपैकी. मशैरिब हा जुन्या वस्तीच्या जागी नव्याने उभारलेला भाग, सावलीच्या अरुंद गल्ल्या आणि फुकट ट्रामचा. आणि सूक वाकिफ, म्हणजे जुना बाजार, तिथे बाजाराच्या आतच छोटी छोटी हॉटेलं आहेत. माझं मत सूक वाकिफच्या किंवा मशैरिबच्या बाजूने पडतं, कारण संध्याकाळी गाडी न मागवता पायी बाहेर पडता येतं. पायी बाहेर पडता येणं ही माझ्या लेखी फार मोठी चैन आहे.

ऋतू सांभाळा. नोव्हेंबर ते मार्च चांगले. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हवा इतकी दमट असते की दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं धरतं. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटात अंधार पडला की थंडी वाजते, शाल हातातल्या पिशवीत हवी. वारही बघा. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी शहर नमाजापर्यंत शांत, मोठी संग्रहालयं दुपारी उघडतात आणि मेट्रोही उशिरा सुरू होते. आपला एकच पूर्ण दिवस शुक्रवारी येऊ देऊ नका. रमजान असेल तर दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात, पण इफ्तारनंतर सूक वाकिफ जागा होतो तो मध्यरात्र उलटेपर्यंत. रात्री जागायची तयारी असेल तर तो महिना मुद्दाम निवडण्यासारखा आहे.

दिवस भरताना एक पथ्य पाळा: बघायची गोष्ट एकच ठरवा आणि बाकीचं तिच्याभोवती येऊ द्या. आमची गोष्ट होती मोती. आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. दोहाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्यावर उलगडा झाला की बसरा ही बाजारपेठ. मोती यायचे ते या आखाताच्या तळाच्या शिंपल्यांतून, आणि दोहाची माणसं ते काढायला उन्हाळ्याचे चार महिने समुद्रावर जायची. पायाला दगड बांधून तळाशी जायचं, नाकाला चिमटा लावायचा, आणि वर नावेत उभ्या असलेल्या सोबत्याने दोर ओढून वर घ्यायचं. १९३० च्या आसपास जपानी कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात आले आणि हा धंदा बसला. गावंच्या गावं उपासमारीला लागली. तेल सापडलं ते त्यानंतर, १९३९-४० मध्ये दुखानला.

संग्रहालयाची इमारतच बघण्यासारखी आहे. वाळवंटात खनिजाची पाकळ्यापाकळ्यांची फुलं तयार होतात, त्यांना डेझर्ट रोझ म्हणतात. जाँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने तोच आकार मोठा करून २०१९ साली हे संग्रहालय उभं केलं. आतली जमीन सपाट नाही, भिंती तिरक्या आहेत, आणि दालनांमधून फिरताना दीड किलोमीटर चालणं होतं. गुडघे दुखत असतील तर दारातच चाकाची खुर्ची मागून घ्या, संकोच करू नका.

आणि तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, सुमारे पंधरा लाख बारीक मोत्यांचा, मधे हिरे, माणकं, पाचू. मदिनेला अर्पण करण्यासाठी तो केला होता असं सांगतात, पण तो तिथे पोचला नाही. २००९ साली दोहातच त्याचा लिलाव झाला. म्हणजे याच समुद्रातून निघालेले मोती बडोद्याला गेले आणि दीडशे वर्षांनी गालिचा होऊन परत आले. आम्ही दोघी त्याच्यासमोर पाऊण तास बसलो होतो. बहिणीने हळूच नाकाला हात लावला, जिथे आजीची नथ असायची तिथे. निघण्याआधी संग्रहालयाच्या पानावर हा गालिचा सध्या मांडलेला आहे ना, तेवढं बघून घ्या, आणि सकाळी उघडताच जा. दहाच्या पुढे शाळांच्या सहली येतात.

दुपारचं जेवण त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जीवान या रेस्तराँमध्ये घ्या. जीवान हा जुना शब्द अगदी निर्दोष मोत्यासाठी वापरत. टेबल आधी राखून ठेवा, समुद्राच्या बाजूचं मागा. आखाती पदार्थांत मांसाहार भरपूर असला तरी हमस, भाज्या, डाळी, गरम रोटी हे सगळीकडे असतं; बहीण शाकाहारी आहे, तिची कुठे अडचण झाली नाही. न्याहारीला बलालीत मिळाला तर चाखून बघा: गोड, केशर-वेलचीच्या शेवया आणि वर अंड्याचं ऑम्लेट. ऐकायला विचित्र वाटतं, पण मला तो इतका आवडला की दोन्ही दिवस तोच घेतला.

म्युझियम ऑफ इस्लामिक आर्टही मोठं आहे, आय. एम. पेईंनी कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या कारंज्यावरून सुचलेला आकार घेऊन बांधलेलं, २००८ सालचं. पण एका दिवशी दोन संग्रहालयं करू नका. आम्ही ते दुसऱ्या मुक्कामाला पाहिलं, तिसऱ्याला राष्ट्रीय. ज्यांचं मन मोत्यांपेक्षा कुराणाच्या हस्तलिखितांत किंवा जुन्या गालिच्यांत रमतं त्यांनी सरळ इथेच जावं.

दुसऱ्या दिवसाची दुपार वाळवंटाची. दोहाच्या दक्षिणेला खोर अल अदैद आहे, जिथे समुद्र वाळूच्या टेकड्यांमध्ये आत शिरतो आणि पलीकडे सौदी अरेबिया दिसतो. शेवटच्या टप्प्यात रस्ताच नाही, वाळूच आहे, म्हणून फोर-व्हील गाडी आणि जाणकार चालक हवाच. इथे मात्र पूर्ण गाडी स्वतःसाठी घ्या. सामायिक गाडीत तरुण मंडळी असतात, त्यांना टेकड्यांवरून उसळ्या मारायच्या असतात, आणि चालक त्यांच्या मर्जीने चालतो. आपली गाडी असेल तर सुरुवातीलाच सांगता येतं की उड्या नकोत, हळू घ्या. पाठीचं दुखणं, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे आरक्षण करतानाच कळवा. काही चालक मग टेकड्या टाळून किनाऱ्याच्या वाटेने नेतात. निघण्याआधी दोन तास पोटभर जेवू नका. वाळवंटाच्या तोंडाशी सीलाईन नावाचा किनारा आहे, तिथे गाडी थांबते आणि चालक टायरमधली हवा कमी करतो, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही; ते बघायला खाली उतरा.

वेळ अशी धरा की सूर्यास्ताच्या तासभर आधी पाण्याकाठी पोचाल. डिसेंबरात सूर्य पावणेपाचलाच मावळतो, त्यामुळे दोहातून अडीचच्या आत निघावं लागतं. आमचा चालक उशिरा आला म्हणून पहिल्या वेळी अंधारच पाहिला. तिसऱ्या वेळी वेळेत होतो. चालकाने चटई अंथरली, थर्मासमधला करक, म्हणजे तिथला कडक दुधाचा चहा दिला, आणि तो लांब जाऊन नमाज पढायला बसला. वाऱ्याने वाळूचा वरचा थर सरकत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. आरक्षण करताना एवढंच मागा: एक तास कुठेही न हलता बसायला. उंटावरची सवारी, वाळूवरची घसरगुंडी हे सगळं वगळलं तरी चालेल.

बाकी बारीकसारीक. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे ठेवा, सगळीकडे सोयीचे पडतात. दारू बरोबर नेऊ नका, ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा आत नेता येत नाही. परवाना असलेल्या हॉटेलांत मिळते. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, कारण कोडीन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं तिथे नियंत्रित आहेत. मोठी बॅग दोहाला हातात मिळणार की थेट पुढे जाणार, हे पहिल्याच काउंटरवर टॅग वाचून खात्री करून घ्या. शहरात फिरायला फिरोजी रंगाच्या टॅक्सी आहेत, पण मेट्रोचा गोल्ड डबा एकदा तरी घ्या, त्यात खुर्च्या रुंद आहेत आणि गर्दी नसते. राष्ट्रीय संग्रहालय आणि सूक वाकिफ दोन्ही एकाच मार्गावर आहेत.

सूक वाकिफमध्ये बहिरी ससाण्यांचा वेगळा बाजार आहे, शेजारी त्यांचं रुग्णालय. डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेले पक्षी ओळीने बसलेले असतात. मालकाला विचारून मगच फोटो काढा. मोती घ्यायचे असतील तर नैसर्गिक की कल्चर्ड हे पावतीवर लिहून घ्या.

शेवटच्या रात्री विमान उशिराचं असेल आणि खोली सोडलेली असेल, तर विमानतळावर लवकर जा. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे ट्रान्झिट भागातच हॉटेल आहे, तिथे तासांवर खोली मिळते, आणि पोहण्याचा पंचवीस मीटरचा तलावही आहे. पोहण्याचे कपडे म्हणूनच हातातल्या पिशवीत ठेवायचे, बॅगेत नाही. आम्ही रात्री साडेअकराला त्या तलावात उतरलो, पाण्यात दुसरं कोणीही नव्हतं, आणि केसांतली खोर अल अदैदची वाळू तिथल्या शॉवरखाली धुतली.